मामांची बासरी खाली आणल्याबद्दल

ती. मामांस,

खुर्चीतून उठून, वाकून नमस्कार. (वाकल्यावर उसण भरली, पण नमस्कार पूर्ण केला आहे.) तुमची कंबर, मामीचा गुडघा आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही नेहमीसारखी चालू असतील असं धरून मुद्द्यावर येते.

तुमचा तो घरबसल्या गाणी रचायचा प्रोग्राम (फुकट आणि उघडा, कुणीही घ्यावा, कुणीही आत डोकावून दुरुस्त करावा) एकोणीस वर्षं सांभाळून तुम्ही माझ्या गळ्यात घातलात. "कंटाळा आला गं, तू फक्त लक्ष ठेव," म्हणालात. मामा, लक्ष दुधावर ठेवतात. इथे ते कधीच उतू जाऊन शेगडी विझली आहे. लिफ्टच्या कंपनीत मला प्रोग्राम लिहायला ठेवलं आहे, पण माणसं कमी म्हणून तक्रारींचे फोनही मीच घेते. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकलेली माणसंसुद्धा तुमच्या भक्तांपेक्षा गोड बोलतात.

त्याचं असं झालं. प्रोग्राममधली बासरी आणि घंट्या भलत्याच कर्कश वाजतात, हे मला पहिल्याच दिवशी जाणवलं (शोकेसमधले पेले थरथरायचे, आणि ह्यांनी कानात कापूस घातला). मी पदर खोचला, वरच्या सुरांचा आवाज जिथे असायला हवा तिथे खाली आणला आणि शनिवारी नवी आवृत्ती सोडली. रविवारी आभाळ कोसळलं. एका दंतवैद्यानं वेटिंग रूमसाठी आपल्या प्रोग्रामवर शांत संगीत रचलं होतं. बासरी खाली आल्यापासून आतलं ड्रिल बाहेर ऐकू येतं आणि पेशंट दुखरा गाल धरून निघून जातात म्हणे. एका निवृत्त मास्तरांनी चार पानांत माझे संस्कार काढले. (ते तुमच्याच घरातले आहेत, असं मी नम्रपणे कळवलं.) सतरा जण प्रोग्रामची नक्कल घेऊन वेगळी चूल मांडायला निघाले, आणि त्या चुलीचं नाव काय ठेवायचं यावरून भांडून पहिल्याच दिवशी नऊ आणि आठ असे फुटले. एवढ्या वर्षांत तुम्ही जोडलेली माणसं मी आठवड्यात पांगवली, याची मला खरोखर लाज वाटते. तेव्हा महिनाअखेर या आणि आपलं लेकरू घेऊन जा. माझ्याच्यानं होत नाही.

मामीला नमस्कार सांगा.

तुमची नालायक भाची

ता. क. बासरी मुळात एवढी वर चढवली कुणी, ते शोधून त्याची चांगली खरडपट्टी काढावी म्हणून मी बदलांच्या जुन्या नोंदी उघडल्या. अकरा वर्षांत अकरा नोंदी, सगळ्या तुमच्या: "वरचे सूर दबल्यासारखे वाटतात. जरा वाढवले." मामा, सूर दबले नव्हते हो. हे कळल्यावर मी रडले. कंटाळा आला म्हणून सोडलंत, हे मी आता मानत नाही.

ता. क. २. गुरुवारी अकराला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मामी मला फितूर आहे, पळायचा प्रयत्न करू नका.

ता. क. ३. लेकरू वगैरे विसरा, प्रोग्राम मी देत नाही. सगळा आवाज तुम्ही ठेवला होता तसाच परत ठेवला आहे. कानाला यंत्र लावून एकदा नीट ऐका आणि बासरी कितीवर ठेवायची ते तुम्हीच सांगा. तोवर मी तिला हात लावणार नाही.