गाडी आता मी चालवते

४ मार्च

एकशे एकोणनव्वद! साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर! न्यायाधीशांनी आकडा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. "गाडीत आणखी कोण होतं?" वकील म्हणाले, "यांच्या आई." मागे बसलेल्या कोणीतरी "अरे देवा" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

परवाना वर्षभर रद्द. दंड वेगळा. "या वर्षात गाडी चालवताना दिसलात तर सरळ तुरुंगात पाठवीन. समजलं?" नवरा मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" करत होता. इतका गरीब चेहरा त्याने लग्नाच्या फोटोतसुद्धा केलेला नाही.

बाहेर येताच गाडीच्या दाराला लाथ. पत्रा चेपला. मग किल्ली माझ्या तोंडावर फेकली. ओठ फुटला.

"चालव आता, महाराणी!"

चालवली. घरापर्यंत रक्त गिळत.

७ मार्च

ह्याचं काम नळ-शॉवर विकायचं, दुकानोदुकानी फिरून. आता सकाळी मी त्याला पोचवते, मग मी कवळ्या बनवते त्या लॅबला जाते, मग परत आणायला. लॅबच्या मालकीणबाईंनी वेळा बदलून दिल्या. कवळ्या काय, अर्धा तास उशिरा तयार झाल्या तरी चालतात, म्हणाल्या.

गाडीत तोंडाचा पट्टा अखंड चालू. "गियर बदल! बदल ना! वरात काढलीस का? — मार त्याला ओव्हरटेक! — अगं जागा आहे, ट्रक जाईल एवढी!" डॅशबोर्डवर बुक्क्या. एक बुक्की चुकून माझ्या खांद्यावर. चुकूनच, असं तो म्हणाला.

१० मार्च

सासूबाई कित्येक दिवस नुसतं पातळ खात होत्या. आज स्वयंपाकघरात मला गाठून हळूच मूठ उघडली — कवळीचे दोन तुकडे! "त्याने एकशे एकोणनव्वदने पळवली ना, त्या दिवशी गाडीत मोडली गं. दात आवळून बसले होते."

"ओरडायचं ना, आई!"

"ओरडले असते तर आणखी पळवली असती त्याने. लहानपणापासून तसाच. थांब म्हटलं की चेव येतो."

लॅबमध्ये नवीन बनवायला घेतली. जुन्या कवळीच्या दाढा घासून गुळगुळीत झाल्यात. बाईने आयुष्यभर दातच आवळले असणार.

१५ मार्च

आज तो माणूस मेला असता.

सिग्नलला मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. एकदाच. नवरा दार उघडून गेला. मी आरशातून पाहत होते — टेम्पोवाल्याला खिडकीतून कॉलर धरून अर्धं बाहेर ओढलं आणि डोकं दारावर आपटलं. एकदा. परत. तो माणूस "साहेब, साहेब" करत होता. हॉर्न माझ्यासाठी होता, सिग्नल हिरवा झाला होता म्हणून!

परत येऊन बसला. हाताची सालं निघालेली. सीटला रक्त पुसलं. "चल."

मी गियर टाकला. मी! उतरले नाही, त्या माणसाला पाणी दिलं नाही. चल म्हटल्यावर निघाले.

१६ मार्च

लॅबमध्ये कोणीतरी विचारलं, ओठावर ही खूण कसली. कपाटाचं दार लागलं, म्हटलं. सगळ्यांनी एकदम आपापल्या कामात माना घातल्या.

२३ मार्च



मोठ्या रस्त्यावर होतो. त्याला उशीर झालेला. मी ऐंशीने चालवत होते. तो शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मग वाकला आणि दोन्ही हातांनी माझा गुडघा खाली दाबला. सगळा भार टाकून! पाय ॲक्सिलरेटरवर चिकटला. शंभर. एकशे वीस. पुढे लोखंडी सळ्यांचा ट्रक, सळ्या मागे लोंबकळत होत्या, त्यांना लाल फडकं बांधलेलं. मी किंचाळत होते, तो हसत होता. "बघ, जमतंय की! जमतंय की तुला!"

ट्रक कसा चुकवला माहीत नाही. फडकं काचेला घासून गेलं.

रस्त्याच्या कडेला थांबवून मी ओकले. तो म्हणाला, "नाटकं."

२४ मार्च

लॅबमध्ये आज एक प्लास्टरचा जबडा नासला होता. फेकून द्यायचा होता. मी तो टेबलावर ठेवला आणि हातोडीने मारत सुटले. दात उडाले. भुगा झाला तरी मारत होते. मालकीणबाई दारात उभ्या. त्यांनीच झाडू आणून दिला.

३० मार्च

किल्ली मागितली. मी दिली नाही. पहिल्यांदाच "नाही" म्हटलं.

केस धरून फ्रिजच्या दारावर डोकं आपटलं. मी खाली पडले तर पोटात लाथ. सासूबाई मध्ये आल्या, त्यांना ढकललं. पिठाच्या डब्यामागे ठेवलेली किल्ली त्याला सापडली. खाली गाडीचा आवाज — चौकापर्यंत गाडी नुसती किंचाळत गेली.

सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. बर्फ लावला.  बर्फाचं पाणी माझ्या कानात जात होतं आणि त्या ते पदराने टिपत होत्या.

१२ एप्रिल

नोटीस! त्या तीस तारखेचीच. कॅमेऱ्यात गाडी पकडली — एकशे बहात्तर, आणि तीही इस्पितळासमोरच्या रस्त्यावर. फोटो मागून काढलेला, चालवणारा दिसत नाही. कोण चालवत होतं ते कळवा, असं लिहिलंय.

तो एकदम गोड. "तुझा पहिला गुन्हा आहे. तुला नुसता दंड होईल. मी आत जाईन गं! घर कोण चालवणार?"

मी नोटीस त्याच्याकडे सरकवली.

मग माझा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि मधलं बोट मागे वाकवायला लागला. सावकाश. "ह्याच बोटांनी दात बसवतेस ना?" कट्ट आवाज आला. त्याने पुढचं बोट धरलं.

'गाडी मी चालवत होते' याखाली सही डाव्या हाताने केली.

१३ एप्रिल

लॅबमधून सुट्टी. कवळी बनवताना बोट मोडलं, असं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "कवळी चावली वाटतं." दोघंही हसलो. मग मला हसू आवरेना, आणि शेवटी ते रडणंच निघालं.

६ मे

कोर्ट. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. त्याला वाटलं, त्याच्या बाजूने.

तेच न्यायाधीश. "बाई, गाडी तुम्ही चालवत होतात?" पाठीवर त्याची नजर कळत होती. मी मोडलेलं बोट दुसऱ्या हाताने झाकलं. परत विचारलं. मी "मी —" म्हटलं, आणि मागून आवाज आला.

"साहेब, तिला नका विचारू. मला विचारा."

सासूबाई उभ्या. बाकाच्या पाठीला धरून. "माझ्या मुलाने चालवली. तेव्हा ही स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. त्यानेच पाडलं. बोटही त्यानेच मोडलंय. तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. मी ऐकलं, साहेब. ऐकत बसले."

तो दोन बाकं ओलांडून गेला. सगळ्या कोर्टादेखत स्वतःच्या आईचा गळा धरला! "म्हातारे, जीव घेईन!" बाक उलटं झालं. तीन पोलीस लागले बोटं सोडवायला. वकिलांनी फाइल तोंडावर धरली होती. सासूबाई खोकत होत्या, खोकतानाही न्यायाधीशांकडे बघत होत्या — बघा, असं म्हटल्यासारखं.

त्याला बेड्या घालून नेलं. आज तो "हो साहेब" म्हणाला नाही.

१९ मे

घरात आवाज नाही. सासूबाईंच्या गळ्यावरचे वळ पिवळे पडलेत. जेवताना म्हणाल्या, "जामिनाला मी उभी राहणार नाही. तूही राहू नकोस." मी त्यांच्या पानात वाढत राहिले. त्यांनी हात आडवा केला नाही, पान भरून वाहिलं.

२७ जून

शिक्षा झाली. दीड वर्ष. परवाना कायमचा गेला. वकील म्हणतात, वेगापेक्षा कोर्टातला तो गळाच महागात पडला. लोक फोन करून म्हणतात, सुटलीस. हो म्हणते.

४ जुलै

आज लॅबमधून येताना मोठा रस्ता रिकामा होता. काटा एकशे चाळीसच्या पुढे गेला. गाडीत मी एकटीच. पुढे एक म्हातारा सायकलवाला होता, त्याला मी हॉर्नही दिला नाही, अगदी घासून पुढे गेले.

फार छान वाटलं.