न सुटलेल्या बसचे आभार

सोम., ३ फेब्रु., सकाळी ११.२०
या वेळेला लातूरच्या प्रवासी मंचाने आमचा ऑनलाइन अर्ज ‘यशस्वी’ म्हणून बंद केला. वेळ लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको, बाई रागात काहीही बोलतात. अर्ज तिघांचा: लातूरचा मंच, कंधारचा महिला बचत गट आणि नांदेडच्या आम्ही निवृत्त बाया. मागणी एकच. बंद केलेली संध्याकाळची नांदेड-कंधार-लातूर बस परत सोडा. बस सुटलेली नाही. सही करायला गेलं की पडद्यावर अभिनंदन.

दुपारी. मंचाचे अध्यक्ष माधवराव यांनी शेवटी फोन उचलला. एसटीच्या मोठ्या साहेबांनी चहा पाजला, करून टाकू म्हणाले, एवढ्यावर यांनी अर्ज मिटवला. वर मलाच समजावतात, “मॅडम, आधीच आभार मानले की माणूस बांधला जातो. मग त्याला न्हाई म्हणता येत न्हाई.”
अर्जाचा पासवर्ड त्यांच्याकडे, कारण अर्जावर पहिलं नाव त्यांचंच हवं होतं.

मंगळ., ४
लातुरात फ्लेक्स लागला. साहेबांचा फोटो, माधवरावांचा त्याहून मोठा, ‘बस सुरू केल्याबद्दल जाहीर आभार’. ग्रुपवर नुसते जोडलेले हात. मी विचारलं, बस कुठे आहे? उत्तरादाखल गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. सायंकाळी सहाला.
आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर एका थापेला तासभर बाकावर उभं करायच्या. माधवरावांना अख्खी टर्म लागेल.

गुरु., ६
कंधारहून रझियाबींचा फोन. बचत गट त्याच चालवतात. मुलगी नाजनीन नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हल्ली जीपने फाट्यापर्यंत, पुढे अंधारात पायी. काल मोटारसायकलवरचे दोघे घरापर्यंत मागे आले. बाप म्हणतो, महिनाअखेरपर्यंत बघतो, मग कॉलेजातून नाव काढून घेतो.
“मॅडम, लोक मला मुबारक देऊन राहिले. नाजनीन विचारती, अम्मी, गाडी सुरू झाली तर मला कशी दिसत न्हाई?”
उद्या साहेबांनाच जाऊन विचारते, म्हटलं.

शुक्र., ७
स्वतः साहेबांच्या ऑफिसात गेले. साहेब दौऱ्यावर. बाबूने मोबाईल माझ्यासमोर धरला. “मागणी मान्य झाली असं तुम्हीच लिहिलंय की, बाई. फाईल बंद केली.”
म्हणजे बांधलं गेलं कोण?

रवि., ९
माधवरावांना सांगितलं, अर्ज पुन्हा उघडा. साहेबांचा अपमान होईल म्हणे. शिवाय पुढच्या आठवड्यात साहेबांचा सत्कार आहे, शाल-नारळ आणलेत, मलाही व्यासपीठावर खुर्ची. म्हटलं, ती खुर्ची फाट्यावर नेऊन ठेवा, पोरीला बसायला होईल. फोन ठेवला त्यांनी.
नवा अर्ज काढावा तर लोक म्हणतात, झालं ना काम, आता परत कशाला सही? शेजारच्या कुलकर्णीणबाईसुद्धा.

मंगळ., ११
दोन पत्रं रजिस्टर पोस्टाने टाकली. रझियाबींची सही माझ्या सहीच्या वर.
साहेबांना: बस सुरू झाली असेल तर सुटण्याची तारीख आणि वेळ कळवा. झाली नसेल तर तसं लिहा.
माधवरावांना: साहेबांचं उत्तर येईपर्यंत सत्कार थांबवा, अर्ज उघडा, आणि का मिटवला ते सह्या करणाऱ्या प्रत्येकाला कळवा.
दोघांनाही: फोन नको, चहा नको. उत्तर लेखी हवं, सोमवार, १७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.