विकतची माती

रविवार, ७ डिसेंबर, तळेगाव

वडिवळ्याची शेती सुटली आणि मावशी मुलाच्या फ्लॅटमध्ये सोमाटण्याला आली. खिडकीत पुदिना लावायला म्हणून मी तिला किट भेट दिलं. कुंड्या, छोटी कात्री, मातीची पिशवी. पिशवी उचलून ती म्हणाली, "माती बी इकत आनली व्हय?" मी हसले. कशाला हसले?

आज तिनं कुंड्या परत आणल्या. तळाच्या भोकांवर कागद घालून इंद्रायणी तांदूळ भरलेला. भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणाली.

"मावशी, कुंड्या तुलाच दिल्या होत्या गं."

"व्हय? ऱ्हाऊ दे तांदूळ. घरचा हाय, शेवटचा."

ती विकतची पिशवी. वडिवळं काही लांब नाही. बांधावरची माती मला आणता आली असती.