नात माझी, गवत तुमचं

द्रेनोवो, ३१ जुलै १९८१

ती. थोरल्या जाऊबाई लेपोसावा यांसी, धाकट्या स्तामेनाचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. गुडघा दुखतो, पण तो काय आजचा आहे? यंदा आलुबुखारे कमी लागलेत, म्हणजे त्यांची दारूही कमी, त्यामुळे शेजारी लवकर उठून घरी जातात. माझी नात यागोदा शेतकी शिकून सहकारी संस्थेत सल्लागार झाली, याचा आनंद मला पोटात मावत नाही. पाद्रीबाबांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, मागच्या रविवारीच कळलं. पण संस्था पडली तुमच्या गावात, म्हणून पोर राहते तुमच्याकडे. आणि तुम्ही पत्रात बेधडक लिहिता, आमची यागोदा. आमची कधीपासून, बाई?

तुमच्या सुदान गवताला ती अर्धाच युरिया घालते म्हणे, उरलेला पाऊस बघून. घाला बाई थेंबाथेंबाने. मी काल सगळी पोती एकदम उधळली. रविवारी संत इलियाचा सण. गडगडाट आणि पाऊस त्याच्याच हाती, त्याचा सण कोरडा गेला असं सासूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. सणाला शेतात हात लावायचा नसतो, म्हणून आधीच उरकलं. माझं काळंभोर गवत बघायला तरी पोरीला आजीकडे यावं लागेल.

राग धरू नका, माया राहू द्या.
स्तामेना


लिपोवात्स, २० ऑगस्ट

चि. स्तामेना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पोचलं. संत इलिया कोरडाच गेला, गवत सुकून गेलं, आणि आता एका सरीने असं तरारलंय की माझं त्यापुढे आजारी दिसेल, असं तू लिहितेस. खरंच दिसतं. पाऊस नाही म्हणून यागोदाने मला खताचा दुसरा हात देऊ दिला नाही.

पण ऐक. ती सांगते, उन्हात अडकलेल्या गवताने खत ओढून घेतलं, त्याला वाढता आलं नाही, ते विष होऊन बुडख्यात साचलं. सर पडल्यावर पहिले काही दिवस तर फारच वाईट. ते कापून वाळवलं तरी विष जात नाही. तुझ्या रुमेन्का गाईला ते आत्ता घालू नकोस. पोर स्वतः येणार होती, पण कापणीची घाई आहे.

आणि जळतेस कशाला गं? ती माझ्या ताटात जेवते आणि आजीचं लोणचं बरं होतं म्हणते. मला काय वाटत असेल?

तब्येत सांभाळ. लोभ आहे तो वाढव.
लेपोसावा


द्रेनोवो, २७ ऑगस्ट

ती. थोरल्या जाऊबाईंस धाकटीचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि मनात म्हटलं, थोरलीला माझं गवत बघवत नाही. दोन भारे मुद्दाम जास्त कापले, तेही अगदी बुडापासून. दुपारी रुमेन्का धापा टाकू लागली, हिरड्या मातकट झाल्या, पाय दुमडून खालीच बसली. शेजारणीने टपाल कचेरीतून फोन केला. यागोदा गुरांच्या डॉक्टरला त्याच्याच गाडीत घालून घेऊन आली. त्याने शिरेत निळं औषध टोचलं, आणि संध्याकाळी गाय उभी राहिली. डॉक्टर म्हणाला, आजी, अर्धा तास उशीर झाला असता तर कातडं विकायला लागलं असतं.

पोर गाईच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. आणि मी, देवा क्षमा कर, पोरीच्या केसांकडे बघत होते. उन्हाने किती पिंगट झालेत. इतक्या जवळून वसंतानंतर पहिल्यांदाच दिसली.

रात्री मला नुसती ओरडली नाही, चांगली झापली. खत म्हणजे पाहुणा, पाण्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असं म्हणाली. मी मान डोलावत तिच्या ताटात भाजलेल्या मिरच्या वाढत होते. गाईवर लक्ष ठेवायला आठवडाभर इथेच राहते, असं तिने संस्थेला कळवलंय. मी काही सुचवलं नाही. फक्त गाय अजून कशी थकलेली दिसते, तेवढं दोनदा म्हणाले.

आता उभ्या गवताला हात लावायचा नाही, आणि गोठ्यात काडी नाही. म्हणून मान खाली घालून मागते: तुमचं ते पिवळट गवत गाडीभर पाठवा. पण गाडीवाल्याच्या हाती यागोदाला परत बोलावणं धाडलंत, तर गाडी जशी भरून येईल तशीच परत जाईल.

थोरलेपणाने समजून घ्या.
तुमची स्तामेना