हे शिफारस करणाऱ्याने भरावे

४ डिसेंबर
एम.बी.ए.च्या अर्जाचा पहिला निबंध: नेतृत्व केल्याचा एक प्रसंग. पाचशे शब्द. दुसरा: आतापर्यंतचं शिक्षण आणि हा अभ्यासक्रम यांचा संबंध. मराठी साहित्यात एम.ए. संबंध नाही, असं लिहिलं. खोडलं.
मी ज्या जिनिंगचं ऑफिस सांभाळते, त्याच्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. सेलूत सध्या सगळ्यांच्या केसांत कापूस.

८ डिसेंबर
प्रसंग सापडला. आधी कापसाची ओल बघायची ती आत, गाडी उतरवताना. एक गाडी ओली निघाली की वाद, आणि मागची सगळी रांग उभी. मागच्या हंगामापासून ओल फाटकावरच बघतात. ओली गाडी बाजूच्या ओट्यावर, उन्हात. कोरडी सरळ आत. शेतकऱ्याचा दिवस वाचतो.
लिहिलं: ‘ही पद्धत मी आखली आणि अमलात आणली.’ इंग्रजीत हे वाक्य फार सहज उभं राहतं.

९ डिसें.
परत वाचलं. आखली म्हणजे मी कागद केला. दोन रांगा, बाण, खाली शेठची, म्हणजे जिनिंगच्या मालकांची, सही. कल्पना रऊफचाचांची. ते इथले ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारे. सरकी दाताखाली धरून ओल सांगतात. चार हंगाम ते शेठना हेच सांगत होते. शेठनी ऐकलं ते कागद आल्यावर.
वाक्य तसंच ठेवलं.

११ डिसें.
शिफारसपत्राचं शेठना सांगितलं.
“तूच लिही. मी सही करतो.”
“तुम्हीच लिहायचंय, शेठ.”
“बँकेचं पत्र तू लिहितेस, बाजार समितीचं तू लिहितेस. हेच तेवढं मी लिहू?” मग कॅलेंडरकडे बघत, “आणि तू गेल्यावर कोण लिहिणार?”
बाजार समितीचं पत्र सहीसाठी पुढे केलं.

१३ डिसें.
अर्जात शिफारस करणाऱ्याचा ईमेल लागतो. शेठचा दिला. खाली चौकट: ‘शिफारसपत्र वाचण्याचा हक्क मी सोडत आहे.’ खूण केली.
शेठचा ईमेल रोज सकाळी मीच उघडते. पासवर्डही मीच ठेवलेला.
दुपारी शिफारशीची लिंक आली. उघडली मी.

१५ डिसें.
भरायला बसले. ‘उमेदवार विश्वासार्ह आहे.’ शेठनी हा शब्द आयुष्यात उच्चारलेला नाही. खोडून ‘काम टाळत नाही.’ हे शेठच वाटले. स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या आवाजात बरी जमते. एम.ए.चा हा एक उपयोग.
चौथा प्रश्न: तुम्ही उमेदवारावर केलेली टीका, आणि तिने ती कशी घेतली.
अडले.

१६ डिसें.
शेठना विचारलं.
“टीका? मी तुला कधी बोललो?”
“आठवून बघा.”
“नाही बुवा. टाक काहीतरी चांगलं.”
रऊफचाचा गाड्यांच्या प्रतीची चिठ्ठी द्यायला आत आले होते. म्हणाले, “मी बोललो असतो. मला कुणी इचारलं न्हाई.”
शेठ हसले. मीही. चाचा चिठ्ठी ठेवून गेले.

१७ डिसें.
फाटकावर गेले. काय बोलला असता, चाचांना विचारलं.
“आधी तुमी काय लिवलं ते सांगा.”
निबंध मराठीत करून सांगितला. रांगा, बाण, ओटा. चाचा गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून ऐकत होते.
“लय साफ हाय. कोण हाय ही बाई?”
गाडीवाला म्हणाला, “चाचा, आपल्या हापिसातल्या ताई की.”
“असं का. सरकी चावती का?”
खालचा कापूस ओढून त्यांनी सरकी काढली, माझ्या तळहातावर ठेवली. पहिल्यांदाच चावली.
“वल्ली का कोरडी?”
“कोरडी.”
चाचा गाडीवाल्याकडे वळले. “घ्या मालक, वट्यावर.”
“ताईचं ऐका की चाचा. शिकलेल्या हायत.”

१८ डिसें.
काही लिहिलं नाही. सरकीची चव जात नाही. तेलकट.

२० डिसें.
निबंध बदलला. ‘कल्पना आमच्या ग्रेडरची. चार हंगाम ती कुणी ऐकली नाही. मी ती कागदावर मांडली.’ पाचशे शब्दांचे तीनशे झाले.
सुषमाला पाठवला. ती दोन वर्षांपूर्वी हाच अभ्यासक्रम करून पुण्यात लागली. तिचा लगेच फोन.
“वेडी आहेस का? त्यांना तू हवी आहेस, चाचा नकोत.”
“खरं तेवढंच आहे.”
“खरं सगळ्यांचं तेवढंच असतं गं. पहिला पाठव.”
दोन्ही ठेवले. शेवटची तारीख २४.

२२ डिसें.
शिफारशीत मी भरलेलं सगळं पुसलं. शेठच्या ईमेलचा पासवर्ड बदलायला लावला. नवा त्यांनी माझ्याकडे पाठ करून टाकला. लिंक उघडून दिली.
“इंग्रजीत?”
“मोबाइलला मराठीत सांगा. तो इंग्रजी करून देतो.”
“आणि टीका?”
“ती तुम्ही बघा.”
बाहेर आले. थोड्या वेळाने शेठनी चाचांना आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. चाचा खुर्चीत बसले. ऑफिसात ते कधी बसत नाहीत. शेठनी मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला. चाचा बरंच बोलले. मध्ये एकदा बाहेर, माझ्या दिशेने, बोट केलं.
फाटकावर कुणी नव्हतं. रांग वाढली. पुढचा गाडीवाला म्हणाला, “ताई, सोडता का आत?”
“चाचा येऊ द्या.”

२३ डिसें.
सूचना आली: शिफारस मिळाली. मजकूर दिसत नाही. खूण मीच केली होती.
शेठ एरवी न वाचता सही करतात. बाजार समितीचं पत्र मात्र आज दोनदा वाचून घेतलं.
चाचांना विचारलं.
“हाय ते सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका.”
“पण काय सांगितलं?”
“त्ये आता तुमचं हाय का?”
तीनशे शब्दांचा पाठवला. बरा आहे म्हणून की खरा आहे म्हणून, ठरवता आलं नाही.

१७ फेब्रुवारी
मुलाखतीचं बोलावणं. सोमवारी, पुण्याला. खाली एक ओळ: निबंध आणि शिफारसपत्र, दोन्हींवर प्रश्न विचारले जातील.
शेठनी ते बोलावणं वाचलं. म्हणाले, “सोमवारी गाड्या जास्त असतात.” मग, “जा.”
फाटकावर गेले. चाचांनी काही विचारलं नाही. समोरच्या गाडीतली सरकी काढून दिली. दाढेखाली धरली, सावकाश चावली.
“कोरडी.”
चाचांनी त्याच गाडीतली दुसरी सरकी काढून स्वतःच्या तोंडात टाकली. गाडीवाला आणि मी, दोघंही थांबलो.