हिच्या अक्षरातले पार्ट

३ मार्च, सकाळी साडेआठ

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर जरा बरं काढतोय.

ही बहिणीकडे गेली आहे. चार दिवसांसाठी. आज चौतिसावा. कारण अगदी किरकोळ. मागच्या कार्यक्रमानंतर मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, इतकं बारीक काम करता, मदतीला कोण असतं? मी म्हटलं, कुणी नाही, संगीत लिहिणं हे एकट्याचंच काम. ही शेजारीच उभी होती, माझी बॅग धरून. बॅग जड होती हे मान्य. पुढच्या वेळी मीच धरीन.

योजना तयार आहे. अठ्ठावीस तारखेला क्वार्टेटचा कार्यक्रम आहे: दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा थोरला आणि खोल आवाजाचा एक व्हायोला, एक चेलो. त्यांच्यासाठी नवी रचना लिहायची आणि हिला अर्पण करायची. ही ऐकेल, विरघळेल, एकोणतीसला घरी. चिंता नाही.

५ मार्च

पहाटे पाचला उठून लिहायचं ठरवलं होतं. साडेनऊला जाग आली. यात माझी चूक नाही. पडदे ही उघडते.

फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, ती कामात आहे. बहिणीच्या घरी हिला कसलं आलंय काम? पाहुण्यांना राबवून घ्यायचं म्हणजे हद्द झाली.

जेवण: ब्रेड. काल: ब्रेड.

१० मार्च, दुपारी

रचना पूर्ण! बावीस मिनिटं. मध्ये एक लांब मौन आहे, माझ्या दुःखाचं. अकरा ठोके.

आता पार्ट काढायचे. म्हणजे चौघांचं संगीत एकत्र लिहिलेल्या माझ्या मोठ्या स्कोअरमधून प्रत्येक वादकाचा मजकूर वेगळ्या कागदांवर सुवाच्य उतरवायचा. बावीस वर्षं हे काम ही करते, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. कॉम्प्युटरवर नोटेशन छापून देणाऱ्या माणसाला दोन पानं दाखवली. त्याने विचारलं, यावर काही सांडलंय का? असल्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. मीच उतरवतो. बघून लिहायचं, त्यात काय मोठंसं!

१५ मार्च

बघून लिहिता लिहिता पाठ कामातून गेली. पण चारही पार्ट झाले. पाच दिवस लागले. हिचे तीन दिवसांत व्हायचे, शिवाय स्वयंपाक, मुलीची शाळा आणि स्वतःचा व्हायोलाचा सराव. सराव तिने पुढे सोडला. का सोडला, कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.

१८ मार्च

पहिली तालीम. वादक आळशी झाले आहेत. चेलोवाला म्हणाला, तिसऱ्या पानासाठी मला आणखी एक डावा हात लागेल. व्हायोलावाली म्हणाली, हा स्वर माझ्या वाद्यात नाहीच, सगळ्यात जाड तारेच्याही खाली जातोय. शिवाय पान उलटायची जागा अशी की दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले. पान काय दातांनी उलटू, असं तिने विचारलं. दुःखाचं मौन तर चौघांकडे वेगवेगळं निघालं. पहिल्या व्हायोलिनकडे अकरा ठोके, दुसऱ्याकडे बारा, व्हायोलावालीकडे नऊ आणि चेलोवाल्याकडे नाहीच. मी सांगितलं, मुद्दाम तसं केलंय. त्यावर चौघांनी वाद्यं पेटीत ठेवायला घेतली.

निघताना चेलोवाला म्हणाला, सर, तुमचं आधीचं सगळं कसं हाताला अलगद बसायचं. बसणारच! तेव्हा हे लोक मेहनत घ्यायचे.

१९ मार्च

पुरावाच देतो, म्हटलं. माझी सगळ्यात गाजलेली रचना कपाटातून काढली. एकीकडे माझ्या हातचा मूळ स्कोअर, शेजारी हिने उतरवलेले पार्ट.

जुळत नाहीत!

पहिल्याच पानावर हिच्या नऊ चुका. दुसऱ्यावर चौदा. कुठे स्वर वर उचललाय, कुठे दोन ओळी चक्क गाळल्यात, कुठे माझा सगळा गडगडाट काढून टाकून नुसती शांतता ठेवलीय. दुपारपर्यंत मोजत बसलो. दोनशे अकरा. म्हणजे इतकी वर्षं लोक माझं चुकीचं संगीत ऐकत आले, आणि वर ही बाई माझ्यावर रुसून बसली आहे!

निश्चय: अठ्ठावीसला नव्या रचनेबरोबर हीसुद्धा वाजवायची. मूळ, शुद्ध रूपात.

२२ मार्च

मूळ, शुद्ध रूप तालमीत वाजवून पाहिलं. संपल्यावर चेलोवाल्याने हळूच विचारलं, शेवटचा तो व्हायोलाचा स्वर कुठे गेला?

या रचनेच्या शेवटी तिघे थांबतात आणि एकटा व्हायोला एक स्वर धरून ठेवतो, तो विरून जाईपर्यंत. तिथे लोक रडतात. मला जे मानपत्र मिळालं त्यात त्या एका स्वरावर अख्खा परिच्छेद आहे. भिंतीवर लावलंय. माझ्या स्कोअरमध्ये त्या जागी चौघेही एकदम जोरात वाजवून थांबतात, दार आपटल्यासारखे.

तो स्वर मी लिहिलेला नाही.

२३ मार्च

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुला खरंच माहीत नव्हतं? मला सातवीत असल्यापासून माहीत आहे. आईने बजावलं होतं, बाबाजवळ बोलू नकोस, लिहायचं सोडून देईल तो.

आज ब्रेडही गेला नाही.

२५ मार्च, संध्याकाळी

हिला माफीचं पत्र लिहिलं. सात पानं. वाचून पाहिलं तर सहा माझ्याबद्दलच होती. फाडलं आणि समक्षच गेलो. नवा स्कोअर काखेत घेतला. म्हटलं, माफीही होईल आणि जाता जाता एक नजरही टाकेल.

दार हिनेच उघडलं. केस कापलेत. खोलीत व्हायोला बाहेर काढलेला, टेबलावर तिच्या अक्षरातले कागद. ते अक्षर बघून मला धीर आला. विचारलं, कुणाचं उतरवतेयस? ती म्हणाली, कुणाचं नाही.

मी म्हटलं, तू ते बदल केलेस हे मला माहीतच नव्हतं गं, शपथ. वाटलं, हे ऐकून राग जाईल. तिने टेबलावरचे कागद एकत्र केले. मग म्हणाली, मला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू दडवतोस. लबाड नवरा मी चालवून घेतला. पण इतक्या वेळा पहिल्या रांगेत बसलास आणि तुला एकदाही कळलं नाही, की हे आपण लिहिलेलं नाही? मग ऐकत काय होतास?

काय ऐकत होतो? टाळ्या कधी सुरू होतात ते. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

स्कोअर तिने चाळला. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. मग तिने तो मागे घेतला, स्कोअर बंद केला आणि माझ्या हातात परत दिला. चहा विचारला. मी नको म्हटलं. हो म्हणायला हवं होतं.

'कुणाचं नाही' म्हणजे तिचं स्वतःचं, हे मला बसमध्ये दोन स्टॉप गेल्यावर कळलं.

२८ मार्च

नवी रचना मागे घेतली. कारण दिलं: अधिक चिंतनाची गरज. जुनीच वाजली, हिच्या पार्टवरून. ठरवलं होतं की शेवटी उठून सगळ्यांसमोर सांगायचं, यातलं तुम्हाला जे आवडतं ते माझ्या बायकोचं आहे. आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं होतं. चिठ्ठी खिशात होती.

तो शेवटचा स्वर आज मी पहिल्यांदा ऐकला. खरोखर ऐकला. लोक उभे राहिले. मी स्टेजवर गेलो, वाकलो, पुन्हा वाकलो, आणि म्हणालो, सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार.

ही आली नव्हती, म्हणून सांगितलं नाही. आली असती तर सांगितलं असतं.

नसतं सांगितलं.

१९ एप्रिल

तिच्या रचनेचा कार्यक्रम. एका लायब्ररीचा हॉल, चाळीसेक खुर्च्या. मुलीने कळवलं होतं. मनाशी ठरवून गेलो: शेवटच्या रांगेत बसायचं, ऐकायचं, तोंड उघडायचं नाही. तिन्ही गोष्टी जमल्या. या वहीतला हा पहिलाच तडीस गेलेला संकल्प.

नऊ मिनिटं. एकटा व्हायोला, आणि वाजवणारी तीच. मला तिची भयंकर आठवण आली. ती समोरच होती.

संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. मी खुर्चीतच बसून राहिलो. शेजारचे एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, काय वाजवतात हो बाई! त्यांच्या घरचे का तुम्ही?

मी म्हटलं, नाही, असाच आलोय.