महादेवीची हजेरी

सोमवार, १४ जुलै २०१४

साडेसातचे मेसेज गेलेच नाहीत! सहाशे बारा पोरं, सहाशे बारा घरं, आणि मेसेज एकही नाही.

काल कंपनीची माणसं क्लासचं सॉफ्टवेअर नवं करून गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, एकदम मक्खन." आज सकाळी मक्खन वितळलं. पोरं दारात अंगठा लावतात, हजेरी संगणकात जाते. मग एक खातं आपलं आपण आत शिरतं, यादी उचलतं आणि आईबापांना कळवतं – हजर का गैरहजर. त्या खात्यामागे माणूस नाही. सहा वर्षं कुणी न उठवता उठतंय. आज त्याला दारातच अडवलं. प्रवेश नाकारला, तीनदा. मग कुलूपच.

फोन सुरू झाले. पहिला बिलोलीकडच्या कावेरीबाईंचा, ज्ञानेश्वरीची आई. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात, पण मेसेज आल्याशिवाय घर सोडत नाहीत. "मॅडम, मेसेज न्हाई आला. पोरगी हाय ना?" वर जाऊन बघितलं. खिडकीच्या बाकावर होती, वही उघडी, डोळे बाहेर. माझ्याच जातकुळीची दिसते. "हाय," मी म्हणाले. "मग झालं," म्हणाल्या अन् फोन ठेवला.

मंगळवार, १५ जुलै

पासवर्ड बरोबर आहे. हातानं टाकला की जाता येतं, मग यंत्राला का नाही? दुपारपर्यंत डोकं फोडलं. मग दिसलं – नव्या सॉफ्टवेअरमध्ये आत पाय ठेवला की एक फॉर्म पुढं येतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाईल. तो भरल्याबिगर कुणालाच पुढं सोडत नाही. यंत्र बिचारं फॉर्म कुठून भरणार?

मग मी भरला. नाव – महादेवी.

हे फक्त इथं लिहिते, क्लासात कुणाला माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी हे खातं उघडताना नाव विचारलं, तेव्हा बोटांनी तेच टाकलं. महादेवी आमच्या शेजारची. त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. आम्ही दोघी तेव्हा नऊ वर्षांच्या. जन्म नागपंचमीचा, झोका खेळायलाच आली म्हणायची तिची आई. तारीख शोधून भरली. मोबाईल नंबर माझा.

भूकंपानंतर शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. गुरुजींना ढिगाऱ्यात जुनं हजेरीपत्रक सापडलं होतं, तेच चालवायचे. गेलेल्यांची नावं त्यांनी काढली नाहीत. तसं नाव आलं की जवळचं कुणीतरी "हजर" म्हणायचं. महादेवीचं मी म्हणायचे. गुरुजी मान वर करत नसत. वर्षभर असंच चाललं. नवं पत्रक आलं आणि त्यात तिचं नाव नव्हतं, त्या दिवशी मला ताप भरला होता.

आज दिवसभर ते शेड डोळ्यांपुढं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे ठिपके पडायचे, आम्ही ते तळहातावर झेलत बसायचो. तेवढ्यात उद्धव सर दारात. क्लास त्यांचाच. "मॅडम, ध्यान कुठं असतं? पालक लई फोन करून राहिलेत. काहीबी करा, मेसेज गेला पाहिजे." खरी यादी त्याच खात्यातून निघते, ते तर आता उद्या साडेसातलाच उठणार. मग सरसकट पाठवून दिला – आपला पाल्य आज वर्गात हजर आहे. न येणारी पाच-सात असतात, कुणाला ताप, कुणाला सर्दी. एका दिवसानं काय होतंय.

बुधवार, १६ जुलै

बरोबर साडेसातला माझा मोबाईल थरथरला. "प्रिय महादेवी, आपला प्रवेश क्रमांक ४४८१."

परत वाचला. एकवीस वर्षांत तिच्या नावानं कुणी काही पाठवलं नव्हतं. प्रिय महादेवी! तिला मोबाईल मिळाला असता तर दिवसभर नुसती गाणी लावली असती.

आत शिरायला लागणारा तो क्रमांक, ओटीपी, आला माझ्याकडे, यंत्र तिकडे त्याची वाट बघत उभं. पुन्हा कुलूप. पुण्याला कंपनीत श्रीनाथला फोन लावला. त्याचा आवाज सदा झोपेतून उठल्यासारखा. "मॅडम, सिस्टिम त्या खात्याला माणूस समजतेय. सेटिंगमध्ये जा, 'हे खाते व्यक्तीचे नाही' तिथं टिक करा. नाव, जन्मतारीख पुसून जाईल, खात्याला सेवा-०१ असं नाव मिळेल. दोन मिनिटांचं काम."

"करते," म्हणाले.

चौकटीवर बाण नेला. मागे घेतला. खाली जाऊन चहा घेतला, परत आले, पुन्हा नेला. व्यक्तीचे नाही. मला नाही जमलं. परत सगळ्यांना – हजर.

गुरुवार, १७ जुलै

प्रिय महादेवी, ९०३७. उद्या करीन. सगळे हजर.

शुक्रवार, १८ जुलै

श्रीनाथनंच फोन केला. "मॅडम, झालं का? साधी टिक आहे हो." सर समोर उभे. केली. पडद्यावरून नाव गेलं, सेवा-०१ आलं. आणि सर म्हणतात, "बघा, होतं की!"

मग साठलेले खरे मेसेज धडाधड सुटले. सोमवारपासूनचे, सगळे. मी नुसती बघत होते, नावं वर सरकत होती. एक नाव पुन्हा पुन्हा आलं. ज्ञानेश्वरी – मंगळवार गैरहजर. बुधवार गैरहजर. गुरुवार गैरहजर. आज गैरहजर.

जिन्यावरून पळत वर गेले. खिडकीचा बाक रिकामा. शेजारची पोरगी म्हणाली, सोमवारच्या टेस्टला तिला लई कमी मार्क पडले. ती जिथं राहते त्या खोलीवाल्या लक्ष्मम्मांकडे गेले तर त्या म्हणाल्या, "मंगळवारीच पिशवी घेऊन गेली की. आईला सांगितलंय म्हणाली."

आईला सांगितलं होतं मी. हजर म्हणून.

शनिवार, १९ जुलै

कावेरीबाई पहिल्या एसटीनं आल्या. पोलिसात जाऊन आलो, फोटो दिला. पोरीकडे मोबाईल नाही. मग माझ्याच टेबलाशी बसून राहिल्या. पाणी दिलं, ते तसंच.

आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. "मला वाचता येत न्हाई मॅडम. लांब मेसेज आला की गैरहजर, आखूड आला की हजर. एवढंच कळतं." तीन आखूड. खाली सोमवारचा उशिरा आलेला एक आखूड, मग चार लांब. "मंगळवारीच लांब आला असता तर मंगळवारीच निघाले असते."

"यंत्र बिघडलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. रात्री राहायला घरी चला म्हणाले तर नको म्हणाल्या, लक्ष्मम्मांकडे पोरीच्याच खाटेवर झोपते म्हणाल्या. मला आपलं तोंड आरशात बघवत नाही. एवढी स्वप्नाळू असायचं काय कारण होतं? जी नाही तिच्यासाठी हजर म्हणत बसले, आणि जी होती ती पिशवी घेऊन माझ्या खिडकीखालून गेली.

रविवार, २० जुलै

ज्ञानेश्वरी सापडली. नांदेडला, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात. बायकांबरोबर पोळ्या लाटत होती. तिथल्याच एकीनं बोलतं करून आईला फोन लावून दिला.

कावेरीबाई मोबाईलवर आधी हसल्या, मग रडल्या. मग ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "गाडीला येळ हाय. एक इचारू? पोरगी नव्हती, यंत्र बंद होतं. मग तीन दिवस हजर कोण म्हणून राहिलं होतं?"

गुरुजींनी हे कधी विचारलं नाही.

मी, असं सांगितलं.